लिक्विड कूलर बसवताना या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी कम्प्युटरचं कॅबिनेट उचलून माझ्याकडे घेऊन येतं. तक्रार ठरलेली असते: प्रोसेसर पाण्यानं गार ठेवणारा एवढा महागाचा लिक्विड कूलर टाकला, तरी प्रोसेसर तापतोय. बऱ्याचदा कॅबिनेटची बाजूची काच काढायच्या आधीच कारण दिसतं. रेडिएटर, म्हणजे पंखे लावलेली पाणी गार करणारी जाळी, तळाला आणि प्रोसेसरवर बसणारा, पाणी फिरवणारा पंप त्याच्या वर.

ही चूक मी सगळ्यात आधी सांगतो, कारण ती लगेच त्रास देत नाही. सीलबंद कूलर काठोकाठ भरलेला नसतो, आत थोडी हवा असतेच. शिवाय नळ्यांच्या रबरातून पाण्याची वाफ वर्षानुवर्षं अगदी सावकाश बाहेर जाते, तशी आतली हवा वाढत जाते. ही हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा म्हणजे रेडिएटरचं वरचं टोक असेल तर काहीच बिघडत नाही. तिथे पंप असेल तर तो पाण्याऐवजी बुडबुडे घुसळत बसतो. पंपाच्या बेअरिंगला वंगणही त्याच पाण्याचं असतं, त्यामुळे तो नुसता कमी काम करत नाही, झिजतोही.

पुण्यात व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगतो. दोन बाजूंनी काच असलेलं कॅबिनेट, ३६० चा (तीन पंख्यांचा) रेडिएटर तळाला, कारण तिथून पंखे छान दिसतात. आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग मशीन सुरू केलं की खळखळ यायला लागली, पुढे घरघर, आणि रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढायचं काम) लावला की प्रोसेसर थेट १०० अंशांना भिडायचा. त्यानं तीनदा थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधला उष्णता वाहणारा लेप, बदलली. प्रोसेसरच खराब असेल म्हणून नवीन घ्यायच्या तयारीत होता. मी मशीन चालू ठेवूनच कॅबिनेट हळूच असं कलतं केलं, की रेडिएटर पंपाच्या वर येईल. दोन-तीन मिनिटांत खळखळ थांबली आणि तापमान उतरायला लागलं. रेडिएटर छताला लावल्यावर तोच रेंडर ७४ अंशांवर चालला. घरघर मात्र पूर्ण गेली नाही आणि चार महिन्यांनी पंप बंदच पडला. आठ महिन्यांची झीज कलतं करून भरून येत नाही.

म्हणून रेडिएटर शक्यतो छताला लावा. समोर लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, आणि नळ्या पुरत असतील तर त्या खालच्या बाजूला ठेवा. नळ्या वर ठेवल्या तरी चालतं, फक्त कधीकधी बुडबुड ऐकू येते. तळाला मात्र कधीच नको, फोटोत कितीही सुंदर दिसू दे.

दुसरी चूक स्क्रूची, आणि ती निव्वळ घाईतून होते. खोक्यात दोन लांबीचे स्क्रू येतात. साधारण ३० मिमीचे लांब स्क्रू २५ मिमी जाडीच्या पंख्यातून रेडिएटरमध्ये जायचे असतात. ५-६ मिमीचे आखूड स्क्रू कॅबिनेटच्या पत्र्यातून थेट रेडिएटरमध्ये. पंखा नसलेल्या बाजूनं लांब स्क्रू पिळला तर तो पाण्याच्या वाहिनीत घुसू शकतो. एकानं बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर लावून तेच केलं. स्क्रू अडला, त्यानं आणखी जोर दिला. थेंब खालच्या ग्राफिक्स कार्डावर पडले आणि ते कार्ड पुन्हा सुरू झालं नाही. वॉरंटीही मिळाली नाही, कारण नुकसान हातानं झालेलं होतं. मी दोन स्टीलच्या वाट्या घेऊन बसतो, एकीत लांब, दुसरीत आखूड. पहिले चार-पाच आटे बोटांनी फिरवतो. रेडिएटरला मोटरवाला स्क्रूड्रायव्हर लावणं मला अजिबात पटत नाही. पाच मिनिटं वाचवून मिळतं काय?

मापाचा घोळही नेहमीचा. ३६० चा रेडिएटर ३६० मिमी लांब नसतो, दोन्ही टोकांच्या टाक्या धरून जवळपास ३९५ भरतो. रेडिएटर २७ आणि पंखा २५, म्हणजे छताखाली ५२ मिमी गेले. खाली उंच रॅम असेल तर तिथेच अडतं. कॅबिनेटच्या माहितीत नुसतं '३६० बसतो' एवढं पाहू नका, छताला बसतो की समोर ते वाचा. आणि प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर केबल रेडिएटर चढवायच्या आधी खोचा. नंतर तिथे बोट शिरत नाही.

पंपाच्या खालच्या, प्रोसेसरला टेकणाऱ्या तांब्याच्या पट्टीवरची प्लॅस्टिकची फिल्म काढा. दरवर्षी दोघं-तिघं ती तशीच ठेवून येतात.

जुन्या कूलरची ब्रॅकेट (पंप बोर्डाला धरून ठेवणारी पट्टी) नव्या मदरबोर्डाला लावू नका. इंटेलच्या एलजीए १२०० या सॉकेटला (प्रोसेसर बसायची जागा) भोकांमधलं अंतर ७५ मिमी आहे, १७०० ला ७८. ओढूनताणून बसवलं तर तांब्याची पट्टी तिरकी बसते. स्क्रूही समोरासमोरचे, थोडे थोडे आळीपाळीनं आवळा.

पंप मदरबोर्डावरच्या पंपाच्या हेडरला, म्हणजे वायर खोचायच्या पिनांना, लावा आणि बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्याचा वेग पूर्ण ठेवा. प्रोसेसर गार असताना वेग कमी करणं पंख्यांना चालतं, पंपाला नाही. सीपीयू फॅनचा हेडर मोकळा राहिला की मशीन सुरू होताना एरर देतं, आणि अनेक जण बायॉसमध्ये जाऊन ती सूचनाच बंद करतात. याचा मला खरंच राग येतो. उद्या तिथला पंखा बंद पडला तर तीच सूचना सांगणार होती. मी रेडिएटरचे पंखे त्या हेडरला लावतो.

पंख्यांची तीन पिनांची ५ व्होल्टची लाइट चार पिनांच्या १२ व्होल्टच्या हेडरमध्ये खोचू नका, जळते.

सगळं जोडून झालं की काच लगेच लावू नका. पहिल्या दिवशी थोडी खळखळ येते, ती चालते. बायॉसमध्ये पंपाच्या फेऱ्या पाहा, बहुतेक पंप मिनिटाला २००० ते ३००० च्या आसपास फिरतात. मग अर्धा तास प्रोसेसरवर भार टाका आणि दोन्ही नळ्यांना हात लावा. एक गरम आणि एक गार लागली की 'कूलर छान काम करतोय' असं लोकांना वाटतं. उलट आहे. पाणी नीट फिरत असेल तर दोन्ही जवळपास सारख्याच कोमट लागतात. एक चटका देतेय आणि दुसरी गार आहे, तर पाणी फिरत नाहीये. मशीन तिथेच बंद करा.