जांभ्याचा कडा ढासळतोय: वाडीने काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

कड्यावरच्या वाडीत पावसाळ्यात काठ सुटला की पहिली मागणी ठरलेली असते: खाली बंधारा बांधा. मागणी चुकीची नाही, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या कड्यांवर ती पहिली असू नये. बंधारा लाटा अडवतो. सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या जांभ्याच्या सपाट पठारावरून, मुरून कड्याच्या पोटात शिरलेलं पाणी तो अडवत नाही. ते पाणी वळवणं मात्र वाडीला स्वतःला, थोड्या खर्चात, येत्या पावसाच्या आत जमण्यासारखं आहे.

आधी कडा का सुटतो ते नीट समजून घ्या. वर टणक जांभा असतो, पण तो भेगांनी आणि पोकळ्यांनी भरलेला. त्याच्याखाली खडक कुजून झालेली पांढरट-गुलाबी चिकणमाती. पावसाचं पाणी जांभ्यातून सरळ खाली उतरतं, चिकणमातीवर अडतं आणि आडवं सरकत कड्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. माती भिजून मऊ होते, थोडी थोडी वाहून जाते, वरचा जांभा अधांतरी राहतो. मग काठाला समांतर भेग पडते आणि सगळा ठोकळा एकदम खाली येतो. समुद्र खालून तेच काम करतो: उधाणाच्या भरतीला लाटा पायथा खातात आणि पडलेला ढिगारा ओढून नेतात. हरिहरेश्वरसारख्या काळ्या कातळाच्या किनाऱ्याचं गणित वेगळं, ते इथे लागू करू नका.

तुमच्याकडे पाणी जास्त दोषी की समुद्र, हे पाहायला पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी ओहोटीच्या वेळी जा. कड्याखाली उभं राहू नका. बाजूच्या मोकळ्या पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) किंवा होडीतून दुर्बिणीने पाहा. जांभा आणि चिकणमातीच्या सांध्यावर ओला पट्टा, शेवाळ किंवा हिरवी झुडपांची रांग दिसली आणि कपार (माती निघून गेल्याने कड्यात पडलेली खोबण) भरतीच्या रेषेच्या बरीच वर असली, तर दोष मुख्यतः वरच्या पाण्याचा. कपार भरतीच्या रेषेवरच असेल आणि पायथ्याशी पडलेला माल टिकतच नसेल, तर समुद्राचा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही सापडतं. तरीही सुरुवात वरून करायची, कारण वरचं काम आपल्या हातात आहे.

मोजणी: याशिवाय कोणी ऐकत नाही

"दरवर्षी जमीन जाते" हे वाक्य कार्यालयात कोणालाच हलवत नाही. आकडा हलवतो. दर 20 ते 25 मीटरवर एक मापरेषा ठरवा. प्रत्येक रेषेवर काठापासून साधारण 15 आणि 25 मीटर आत दोन पक्क्या खुणा हव्यात: काँक्रीटमध्ये बसवलेली सळई, विहिरीचा कठडा, घराच्या चौथऱ्याचा कोपरा. खुणा दोन लागतात, कारण त्या एका ओळीत धरल्या की टेप दरवेळी त्याच दिशेने जातो. एकच खूण ठेवली तर टेप जरा तिरका धरला तरी माप बदलतं आणि पुढे कोणी तपासायला आलं की सगळी वही संशयात सापडते. माप पोलादी टेपने घ्या, कापडी टेप ओढला की ताणतो. काठाच्या शेवटच्या तीन मीटरांत कोणी जाऊ नये. लांब बांबूवर खुणा करून तो पुढे सरकवा.

मापं मे महिन्याच्या मध्याला आणि ऑक्टोबरमध्ये घ्या, शिवाय प्रत्येक मोठ्या वादळानंतर. सोबत फोटो: ठरलेल्या जागेवरून, ओहोटीला, चौकटीत रंगवलेली दोन मीटरची काठी ठेवून. तारीख, वेळ, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या वहीत. मागच्या वर्षांसाठी गुगल अर्थवरची जुनी उपग्रह चित्रं चालतात, पण त्यांच्यात काही मीटरची चूक असू शकते. त्यावरून एक-दोन मीटरचा दावा करू नका, समोरचा अभियंता तो एका मिनिटात खोडतो. भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्वीइतकंच असतं, जागेवर ते उरलेलं नसतं. ही तफावत मोजणीनकाशावर आली की तिच्याइतका बोलका पुरावा नाही.

सरासरीने मात्र फसू नका. हा कडा दरवर्षी सारखा झिजत नाही. दहा वर्षं काही होत नाही आणि एका रात्रीत चार मीटर जातं. म्हणून नवं घर किती मागे बांधायचं याचा ढोबळ हिशेब असा: वर्षाची सरासरी गुणिले 50, अधिक आजवर एकदम पडलेल्या सर्वांत मोठ्या तुकड्याची रुंदी. 30 सेंटिमीटरची सरासरी आणि 4 मीटरचा तुकडा असेल तर 19 मीटर. हे कमीत कमी.

पाणी वळवणं

100 चौरस मीटरच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. कोकणात हे जुलैतल्या एका दिवसाचं पाणी. पन्हळीचं तोंड परड्यात सोडलं असेल तर ते सगळं कड्याच्या पोटात जातं. भर पावसात वाडीतून चालत पुढच्या जागा टिपून घ्या:

- छपराच्या पन्हळी कुठे सुटतात
- संडासाचे शोषखड्डे काठापासून किती दूर आहेत
- न्हाणीचं पाणी, ज्यावर मागे केळी आणि अळू वाढतं
- गळकी टाकी, नळाचा फुटका जोड, बागेला सोडलेला पाइप
- काठालगतचा गडगा (दगडी कुंपण), ज्याच्यामागे पाणी तुंबतं
- काठाकडे उतरणारी पाखाडी (दगडी पायवाट), जी पावसात पऱ्याच (ओढाच) होते

काठापासून निदान 30 मीटरच्या पट्ट्यात पाणी मुरवणारी कोणतीही रचना नको. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जलसंधारणाच्या योजनांतून समतल चर आणि शोषखड्डे येतात, आणि एरवी ते चांगलंच काम आहे. पण कड्याच्या माथ्यावर खणलेला चर पाणी थेट भेगेत पोचवतो. ग्रामपंचायतीने ते काम सड्यावर आत, काठापासून लांब घ्यावं. वरच्या बाजूला चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) असेल तर तीही नकाशावर दाखवा. सोडून दिलेल्या खाणीत चार महिने पाणी साठतं आणि ते खालीच उतरतं. खाणीला बाहेर जाणारा पाट पाडून घेणं ही मागणी ठरावात हवीच.

वरून येणारं पाणी अडवायला वाडीच्या वरच्या अंगाला गटार काढा. एक हेक्टर सड्यावर तासाला 100 मिलिमीटरच्या सरीत सेकंदाला सुमारे 250 लिटर पाणी येतं. 45 सेंटिमीटर रुंद, तितकंच खोल आणि 100 मीटरला 1 मीटर उतार असलेलं गुळगुळीत गिलाव्याचं गटार तुडुंब भरून साधारण 380 लिटर नेतं. तेच गटार नुसत्या खडबडीत चिऱ्यांचं ठेवलं तर 230 लिटरच्या आसपास, म्हणजे कमी पडतं, आणि सांध्यांतून गळतं ते वेगळंच. गिलाव्याचे पैसे वाचवू नका. उतार लेव्हल पाइपने तपासा. मध्ये खोलगट राहिला की तिथे गाळ बसतो आणि पाणी नेमकं काठाच्या बाजूला फुटतं.

शेवटचं टोक सगळ्यात महत्त्वाचं. गटार कड्यावरून खाली सोडून दिलं तर धबधबा पायथा कोरतो. पाणी शक्यतो बाजूच्या पऱ्यात न्या. तशी सोयच नसेल तर जाड एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपने पायथ्यापर्यंत उतरवा, पाइप वर पक्क्या जागी बांधा आणि तोंडाशी मोठ्या काळ्या दगडांचा थर द्या. गटार मेच्या अखेरीस साफ करायचं, आणि पावसात दर आठवड्याला कोणी पाहायचं हे घरांची नावं लिहून ठरवायचं.

काठाला समांतर भेगा पडल्या असतील तर त्या सिमेंटने भरू नका. ठोकळा किंचित हलला की सिमेंट सुटतं आणि कडेने पाणी जातच राहतं. ओलसर चिकणमाती 10-15 सेंटिमीटरच्या थरांत ठासा, वरून मातीचा बाक काढा, म्हणजे पाणी बाजूला जाईल. भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खिळा पक्का बसवून अंतर मिलिमीटरमध्ये नोंदवा.

झाडांचं थोडक्यात: उतरत्या मातीवर वाळा उत्तम. पहिल्या पावसात 10-15 सेंटिमीटरवर एकेक ठोंब, आडव्या ओळीत. उभ्या जांभ्यावर काहीच उपयोग नाही. अगदी काठावर सुरू किंवा माड लावू नका. वाऱ्यात झाड हेलकावतं आणि मुळं भेग उकलतात. तिथे आधीच मोठं झाड असेल तर फांद्या उतरवा, बुंधा-मुळं उपटू नका.

बंधारा मागायचाच असेल तर

कोणता मागता हे कळून मागा. लाटेची उंची दुप्पट झाली तर दगडाचं वजन आठपट लागतं. दोन मीटरची लाट बंधाऱ्यावर फुटत असेल आणि उतार 1:2 असेल, तर काळा दगड ढोबळमानाने सव्वा टनाच्या पुढे हवा. जांभा हलका असल्याने तोच हिशेब साडेतीन टनांवर जातो, वर तो लाटांनी झिजतो. म्हणून बाहेरच्या थराला जांभा कधीच नको. कंत्राटात वजन लिहिलेलं असतं, जागेवर हाताने उचलता येणारे दगड येतात. ट्रक खाली होताना पाहायला वाडीतलं कोणीतरी हवंच.

दगडांच्या मागे गाळणीचा थर आणि जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं) नसेल तर प्रत्येक लाटेबरोबर मागची माती दगडांच्या फटींतून बाहेर ओढली जाते आणि वरून शाबूत दिसणारा बंधारा खचतो. पायथा वाळूच्या खाली पुरेसा खोल नसेल तर पावसाळ्यात वाळू उतरली की पुढची रांग घसरते. आणि बंधारा जिथे संपतो तिथे धूप वाढते. त्यामुळे शेजारच्या वाडीला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या, नाहीतर तिचं नुकसान तुमच्या बंधाऱ्याने होईल.

कड्यासमोरची पुळण हा सगळ्यात स्वस्त बंधारा आहे. किनारी क्षेत्रात वाळू उपसायला बंदी आहे. उपसा दिसला की तारीख-वेळेसह तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. पायथ्याशी पडलेले चिरेही कोणाला उचलू देऊ नका, तेच काही काळ लाटा झेलतात.

कागद

ग्रामसभेचा ठराव हा पाया. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी ती संख्या लागते. माणसं जमवूनच सभा घ्या, तहकूब सभेच्या ठरावाला वजन राहत नाही. ठरावात गट क्रमांक, धोक्यातली घरं, रस्ता, विहीर, मापांचा तक्ता आणि मागण्या वेगवेगळ्या लिहा: पाण्याचा निचरा, भूवैज्ञानिक पाहणी, मग संरक्षक काम. प्रती जिल्हाधिकाऱ्यांना (तेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष), तहसीलदारांना, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाला आणि पत्तन (बंदर) विभागाला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पाहणीसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि लाटांच्या अभ्यासासाठी खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, ही नावं ठरावातच घाला. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी धूप रोखायला 1,500 कोटी आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाला 1,000 कोटी रुपयांची शिफारस केली होती. पुनर्वसन हाही मागण्यासारखा हक्क आहे हे त्यातून दाखवता येतं, आणि काही घरांसाठी मागे सरकणं हाच खरा उपाय असतो.

प्रस्ताव ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोचवा. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा नव्या वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, आणि समुद्रातलं काम जूनमध्ये थांबतं. एप्रिलमध्ये जागे झालात तर पूर्ण वर्ष गेलं.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. "काय कारवाई केली" असं मोघम विचारू नका. स्थळपाहणीचा अहवाल, मंजूर अंदाजपत्रक, दगडाच्या वजनाचं मोजमाप पुस्तक आणि सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) परवानगीचं पत्र, यांच्या प्रती मागा. परवानगीशिवाय सुरू झालेलं काम कोणीही हरित न्यायाधिकरणात अडवू शकतं, मग बंधारा अर्धाच राहतो.

पावसाळ्यात

भेगेवरचं माप रोज दिवसाउजेडी घ्या, पावसात दोनदा. भेग काही दिवस सारख्या गतीने उघडत असेल तर प्रशासनाला कळवा. गती वाढत चालली, दारं-खिडक्या अडकू लागल्या, जमीन एका बाजूने खचली किंवा कड्यातून येणारं पाणी एकदम गढूळ झालं, तर काठालगतच्या घरांनी त्याच वेळी बाहेर पडायचं, हुकमाची वाट पाहायची नाही. हवामान खातं 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पावसाचा इशारा देईल त्या रात्री भेग असलेली घरं रिकामीच ठेवा. कुठे जायचं, म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार, गुरं कोण सोडणार, हे मेच्या सभेतच नावानिशी ठरवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 प्रत्येक घराच्या दाराशी रंगाने लिहून ठेवा. वीज गेली, मोबाइल बंद पडला तर शाळेची घंटा किंवा देवळातला ढोल, यांपैकी काय वाजवायचं तेही एकदा करून पाहा.