"मुघल गेले आणि इंग्रज आले" लिहिताय? या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे इतिहासाचे सराव पेपर मी गेली काही वर्षं तपासतोय आणि दर बॅचला एक वाक्य हमखास येतं, "१७०७ ला औरंगजेब मेला, मुघल सत्ता संपली आणि इंग्रज आले". वाचलं की जीव तुटतो, कारण या एका वाक्यात जवळजवळ शंभर वर्षं गायब होतात आणि ती नेमकी आपली, मराठ्यांची वर्षं आहेत.

१७०७ ला औरंगजेब गेला हे खरं, पण तो गेला नगरजवळ भिंगारला. खुलताबादला त्याची कबर आहे, म्हणून तिथेच मेला असं लिहू नका. त्याच्यानंतर साम्राज्य एका दिवसात कोसळलं नाही, आतून सुटत गेलं. बंगालमध्ये मुर्शिद कुली खान, अवधला सादत खान, दख्खनला निजाम, सगळे बादशाहाचं नाव घेत होते पण कारभार आपापला. एकट्या १७१९ मध्ये दिल्लीच्या गादीवर चार बादशाह बसले, आणि त्याच वर्षी पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई (वसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखीच्या (त्यावर आणखी दहावा हिस्सा) सनदा घेऊन परतले, येसूबाईसाहेबसुद्धा तेव्हाच कैदेतून सुटून आल्या.

आता यावर माझा उपाय सांगतो. कुठल्याही वर्षाबद्दल लिहिताना तीन प्रश्न विचारा: नाण्यावर नाव कोणाचं, सारा कोण गोळा करतंय आणि दिल्लीत फौज कोणाची. समजा साल १७९०. नाव मुघल बादशाह शाह आलमचं, बंगालचा सारा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे, आणि दिल्लीत फौज महादजी शिंद्यांची! मग "तेव्हा राज्य कोणाचं होतं" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही हे आपोआप कळतं.

दुसरी चूक प्लासी आणि बक्सारची. दोन्ही एकाच दमात लिहितात. २३ जून १७५७ ची प्लासी म्हणजे बंगालचा नवाब सिराजउद्दौलाविरुद्ध फितुरीवर जिंकलेली लढाई, त्यातून कंपनीला मीर जाफरसारखा आपल्या मुठीतला नवाब मिळाला. बक्सारला २२ ऑक्टोबर १७६४ ला समोर बंगालचा माजी नवाब मीर कासीम, अवधचा शुजाउद्दौला आणि खुद्द बादशाह शाह आलम असे तिघं होते, आणि तिथे हरल्यावर १७६५ मध्ये अलाहाबादला बादशाहाने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे सारा गोळा करायचा हक्क, कंपनीला दिली, बदल्यात वर्षाला २६ लाख रुपये. म्हणजे कंपनी कागदोपत्री बादशाहाची दिवाण झाली, नोकरच म्हणा. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त लागते. "१७६१ ला पानिपत झालं आणि मराठे संपले." अहो, दहाच वर्षांत मराठी फौजा परत दिल्लीत होत्या! इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादला राहिलेल्या शाह आलमला जानेवारी १७७२ मध्ये दिल्लीत नेऊन बसवलं ते मराठ्यांनी, आणि तो मराठ्यांकडे गेला म्हणून कंपनीने त्याचे २६ लाख बंद केले. १७७९ ला वडगावला इंग्रजांना मान खाली घालून तह करावा लागला. १७८८ ला रोहिला सरदार गुलाम कादिरने लाल किल्ल्यात शिरून बादशाहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला पकडून शिक्षा दिली ती महादजींच्या माणसांनीच. म्हणून ११ सप्टेंबर १८०३ ला इंग्रजांचा जनरल लेक दिल्लीजवळ पटपडगंजला लढला तो शिंद्यांच्या फौजेशी, मुघलांच्या नाही. दिल्ली इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतली हे वाक्य उत्तरात आलंच पाहिजे, आणि मराठे का हरले हेही, म्हणजे होळकर-शिंदे वैर आणि १८०२ चा वसईचा तह, ज्यात पेशव्यांनी इंग्रजांचा आश्रय घेतला.

नावांचा घोळ पण बघा. अहमदशाह नावाचा मुघल बादशाह वेगळा आणि अहमदशाह अब्दाली वेगळा. बहादूरशाह दोन, पहिला औरंगजेबाचा मुलगा आणि दुसरा १८५७ चा जफर. बाजीराव पण दोन, १७३७ ला दिल्लीवर धडक मारणारे थोरले आणि १८१८ ला राज्य गमावणारे दुसरे, यांची गल्लत केलेला पेपर मी खरंच पाहिलाय.

तारखा दोन दिसल्या तर घाबरू नका. औरंगजेबाचा मृत्यू कुठे २० फेब्रुवारी कुठे ३ मार्च असतो, दोन्ही बरोबर, कारण इंग्रज १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरायचे आणि त्यात अकरा दिवसांचा फरक पडायचा. कोणतंही एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आणि "इंग्रजांना पहिला विरोध १८५७ ला झाला" हे तर अजिबात नको. बंगालचे संन्यासी-फकीर, १८०६ चं वेल्लोरच्या शिपायांचं बंड, १८१७ चे ओरिसातले पाईक शिपाई, १८२४ ला कित्तूरची चन्नम्मा, १८५५ चे संथाळ, आणि आपल्या पुरंदरच्या मुलखातले उमाजी नाईक, ज्यांना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिलं. १८५७ लिहितानाही मेरठ-दिल्ली-झाशीवर थांबू नका, त्याच वर्षी ३१ जुलैला कोल्हापूरची पलटण उठली होती, खानदेशात भिल्लांचे नेते खाज्या नाईक लढत होते.

आता ती दिवाणीची गोष्ट. कंपनीच्या बंगालच्या रुपयावर १८३५ पर्यंत शाह आलमचं नाव छापलेलं असायचं, तो १८०६ लाच वारला होता तरी. आणि १८५८ मध्ये त्याच शाह आलमच्या नातवावर, बहादूरशाह जफरवर, त्याच्याच लाल किल्ल्यात राजद्रोहाचा खटला चालवला तो याच कंपनी सरकारने, म्हणजे दिवाणाने धन्यावर! त्याला रंगूनला धाडलं आणि ७ नोव्हेंबर १८६२ ला तो तिथेच गेला.