भिंतीतल्या पाइपांचा आवाज: या चुका टाळा

आमच्या रामबागेतल्या घरात मोरीला लागूनच आईची खोली. इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. हौद भरला की पहाटे मोटर लावायची आणि भिंत अशी घरघरायची की आई उठून बसायची. सगळे करतात तेच आम्ही केलं, तिच्या बाजूने थर्माकोल लावला. काडीचा फरक पडला नाही. आवाज अडवायला वजन लागतं, थर्माकोलला ते नाही. शिवाय तंबोऱ्याची तार बारीक असते, नाद भोपळा मोठा करतो. इथे पाइप ही तार आणि भिंत हा भोपळा. म्हणून पाइप भिंतीपासून सोडवायचा.

मोटर चालू असताना पाइपला आणि भिंतीला हात लावून बघा. आमच्याकडे चढता पाइप लोखंडी क्लॅम्पने थेट भिंतीला आवळलेला होता. क्लॅम्पमध्ये रबर घातलं, मोटरीखाली जाड रबरी पॅड आणि तिच्या तोंडाशी लवचीक नळी बसवली. आई आता झोपते. मोटर मात्र हौदावरच हवी. थेट नर्मदेच्या लाइनवर लावली तर गळक्या जोडांतून घाण आत ओढली जाते.

नळ किंवा वॉशिंग मशीन बंद होताना ‘धप्प’ होतं, ते वेगळं दुखणं. धावतं पाणी एकदम अडतं आणि त्याचा धक्का पाइपभर फिरतो. लोखंडी पाइपात सेकंदाला 1 मीटर वेगाचं पाणी क्षणात थांबलं तर दाब 12 बारच्या आसपास उसळतो. 10 मीटर उंच टाकीचा दाब जेमतेम 1 बार असतो, यावरून अंदाज घ्या. नुसता क्लॅम्प आवळून हे जात नाही. मशीनच्या कॉकजवळ हॅमर अरेस्टर, म्हणजे पाण्याचा धक्का झेलणारं छोटं नळकांडं, बसवा. बंद टोकाचा उभा पाइप जोडून देण्याची जुनी पद्धत थोडे दिवसच चालते, कारण धक्का झेलणारी त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते. प्रेशर पंप असेल तर त्याची सेटिंगही कमी करा. नुसत्या गच्चीवरच्या टाकीवर चालणाऱ्या घरात दाब कमी करणारा वाल्व घेणं म्हणजे पैसे वाया.

गीझर लावल्यावर येणारी टिकटिक? तिथे उलट चूक होते, पाइप सिमेंटात घट्ट गाडतात. 3 मीटर सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा प्लास्टिक) पाइप 40 अंशांनी तापला की सुमारे 8 मिलिमीटर वाढतो. त्याला सरकायला जागा हवीच. फोमची नळी चढवून मगच भिंतीत घाला, वळणाशी थोडी मोकळीक ठेवा.

वरच्या मजल्याच्या फ्लशचा खळखळाट मात्र वजनानेच थांबतो. पाइपाभोवती रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), त्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर. बोर्ड पाइपाला टेकू देऊ नका आणि फटी सीलंटने बुजवा.

नवं काम चालू असेल तर प्लास्टरच्या आधी पाणी सोडून प्रत्येक नळ झटकन बंद करायला लावा, आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत उभे राहून ऐका. तेव्हा क्लॅम्प बदलायला दहा मिनिटं लागतात, नंतर टाइल्स फोडाव्या लागतात.