निनैवु अंजलि: मदुरैत घरच्या माणसाची आठवण चौकात कशी लावतात

माझं माहेर मिरजेचं, सासर मदुरैचं. लग्नाला अठरा वर्षं झाली. सासरे, म्हणजे आमचे मामा, 24 जुलै 2022 ला पहाटे गेले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यामुळे अर्धं गाव त्यांचे विद्यार्थी. पहिलं वर्ष भरत आलं तेव्हा पेपरातली जाहिरात, गल्लीच्या तोंडाचा फ्लेक्स, जेवणावळ, सगळं माझ्याकडे आलं. त्यानंतर तमिळ घरात पडलेल्या दोन-तीन मराठी मैत्रिणींनी फोन करकरून विचारलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

पहिलं काम तारखेचं, आणि घोळ इथेच होतो. पेपर आणि फ्लेक्सवर इंग्रजी तारीखच जाते. घरातलं दिवसकार्य मात्र तिथीवर होतं, आणि तमिळ तिथी आपल्या कालनिर्णयावरून काढायची नाही. इथला महिना सौर. मामा गेले आडि महिन्यात, तेय्पिरै म्हणजे वद्य पक्षातल्या एकादशीला. आपल्या हिशेबाने ती आषाढ वद्य एकादशी, म्हणजे 2023 मध्ये 13 जुलै. पण त्या दिवशी इथे आडि लागलेलाच नव्हता, तो 17 जुलैला लागला. त्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण होता. आडितली वद्य एकादशी आली थेट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे माझ्या आईने मिरजेत पान वाढलं 13 जुलैला, पेपरात अंजलि आली 24 जुलैला आणि घरात पडैयल, म्हणजे गेलेल्या माणसाला पान वाढणं, झालं ऑगस्टमध्ये. तिन्ही बरोबर होते. तुम्ही इथल्या पुरोहितांना किंवा घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला महिनाभर आधी विचारून ठेवा आणि तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहूनच टाका.

फोटो निवडताना घाई करू नका. फ्लेक्सवाल्याला आधारकार्डावरचा फोटो दिलात तर तो तोच सहा फूट उंच करून देईल. आम्ही मामांचा एका लग्नातला फोटो घेतला. पांढरी वेष्टी म्हणजे धोतर, कपाळावर विभूती, ओठ किंचित उघडे, कुणाला तरी हाक मारताना असावेत तसे. दुकानातला मुलगा मागे ढग आणि दोन्ही बाजूंना समया घालणारच, ते घालू द्या, इथल्या लोकांना ते हवं असतं. चेहरा गोरा करू लागला तर मात्र थांबवा. मी म्हटलं, "तंबी, रंग आहे तसाच ठेव." तो म्हणाला, "अक्का, सगळे उजळच करून मागतात." अत्तै, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, हे माझे यजमान नाहीत. त्याने लगेच मागे घेतलं.

आता मजकूर. सगळ्यात वर 'मुदलाम् आंडु निनैवु अंजलि', म्हणजे पहिल्या वर्षाची स्मरणांजली. 'कण्णीर् अंजलि' वेगळी, ती माणूस गेल्याबरोबर लागते. वर्षश्राद्धाला ती लिहू नका. नावाआधी 'अमरर्' किंवा 'दैवत्तिरु'. नावामागे इनिशियल आणि नावापुढे पदवी, यातलं काहीही गाळायचं नाही. मामांच्या नावापुढे एम.ए., बी.एड. होतं आणि त्याखाली मुख्याध्यापक, निवृत्त. फोटोच्या दोन बाजूंना दोन तारखा. आपल्याकडे जन्म आणि मृत्यू लिहितात. इथे एका बाजूला असतं 'तोट्रम्', म्हणजे दिसणं, प्रकट होणं. दुसऱ्या बाजूला 'मरैवु', म्हणजे दिसेनासं होणं. ईळम, म्हणजे श्रीलंकेतल्या तमिळांच्या घरांत 'मलर्वु' आणि 'उदिर्वु' असंही लिहितात, उमलणं आणि गळून पडणं. मला हे शब्द पहिल्यांदा कळले तेव्हा मी बराच वेळ पेपरातली तीच पानं वाचत बसले होते.

मधल्या चार ओळी गेलेल्या माणसाशी बोलणाऱ्या असतात. 'ते आम्हाला सोडून गेले' नाही, 'तुम्ही गेलात त्याला वर्ष झालं, तुमचा आवाज अजून घरात आहे' अशा. तयार ओळी दुकानात मिळतात, तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथातला 50 वा कुरळ, म्हणजे दोन ओळींचं पद्य, तर फारच चालतो: पृथ्वीवर जगायला हवं तसा जो जगला, तो स्वर्गातल्या देवांमध्ये गणला जातो. पण एक तरी ओळ घरची असू द्या. आम्ही लिहिलं की सकाळी सहाला तुम्ही रेडिओ लावायचात, आता आम्ही लावतो. अंत्ययात्रेला न आलेला एक विद्यार्थी ती ओळ वाचून दारात आला.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे खालची नावं. आपल्याकडे 'शोकाकुल: समस्त अमुक परिवार' लिहिलं की बहुतेक वेळा भागतं. इथे 'पिरिवाल् वाडुम्' या शब्दांखाली एकेक नाव येतं. वाडुम् म्हणजे कोमेजणारे. फुलाला लावतात तोच शब्द. बायको, मग मुलगे, सुना, मुली, जावई, मग पेरन् आणि पेत्तिगळ्, म्हणजे नातू आणि नाती, शेवटी गावाचं नाव. पहिल्या वर्षी माझ्या हातून मोठ्या नात्तनारांच्या, म्हणजे थोरल्या नणंदेच्या यजमानांचं नाव सुटलं. जागा पुरेना म्हणून दोन ओळी एक केल्या आणि त्यात ते गेलं. त्यांनी ते सकाळी चहाच्या टपरीवर पेपरात पाहिलं. पडैयलला आले, मामांच्या फोटोला हात जोडले, पाणी प्यायले आणि पानावर न बसताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मी म्हटलं, "अण्णा, चूक माझी आहे." ते एवढंच म्हणाले, "मी त्यांना खांदा दिला होता." तेव्हापासून मी नावांची यादी कागदावर लिहून प्रत्येक घरात फोनवर वाचून दाखवते, इनिशियलसकट.

मुद्रितं तपासायला तमिळ शाळेत शिकलेलं माणूस बसवा. तमिळमध्ये र दोन आहेत, चिन्न र आणि पेरिय र, आणि 'मरैवु'मध्ये मोठा लागतो. 'निनैवु'मधला दुसरा न दोन वेटोळ्यांचा, 'कण्णीर्'मधला ण तीन वेटोळ्यांचा. आपल्या कानाला फरक कळत नाही, इथल्या वाचणाऱ्याला लांबूनही दिसतो.

पेपर कोणता, हे तुमचे लोक काय वाचतात त्यावर ठरवा. आमच्याकडे दिनतंदी. हा पेपर 1942 मध्ये मदुरैतच सुरू झाला, आणि आमच्या गल्लीत चहाच्या टपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत तोच दिसतो. सगळ्या आवृत्त्या घेऊ नका, गावाची एक आवृत्ती पुरते. दर चौरस सेंटिमीटरवर असतो. आठ बाय दहामध्ये फोटो आणि सगळी नावं बसतात. निदान पाच दिवस आधी द्या आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत न्या, कधी कधी मागतात.

फ्लेक्सच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: आपल्या फाटकावर, आपल्या भिंतीवर लावा, रस्त्यात नाही. सप्टेंबर 2019 मध्ये चेन्नईत पळ्ळिकरणैला रस्त्याच्या दुभाजकावरचा लग्नाचा बॅनर स्कूटरवरून जाणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीवर पडला आणि मागून आलेल्या टँकरखाली ती गेली. आपल्या माणसाच्या आठवणीपायी दुसऱ्याच्या घरात मरैवु लिहायची वेळ यायला नको. चौकात लावायचाच असेल तर पालिकेची आणि पोलिसांची परवानगी काढा, बांबू पक्के बांधा आणि तिसऱ्या दिवशी स्वतः उतरवा. आमचा पहिला फ्लेक्स आम्ही उतरवला नाही. महिनाभराने अत्तैंना तो शहाळ्याच्या गाडीवर छप्पर म्हणून दिसला, मामांचा अर्धा चेहरा बाहेर लोंबत होता. त्या गाडीवाल्याला काही बोलल्या नाहीत. बाजारातून नवी ताडपत्री आणून दिली आणि फ्लेक्स काखेत घेऊन घरी आल्या. घडी घालून तो आता त्यांच्या कपाटात आहे.

प्रत्यक्ष दिवशीचं फार सांगण्यासारखं नाही, ते तुमच्या सासरच्या रीतीने होईल. फोटोला चंदन-कुंकू, हार, पुढे केळीचं पान, त्यावर त्यांच्या आवडीचं सगळं, नवी वेष्टी, मग कावळ्याला घास. फुलांचं एक सांगते: आडित लग्नं नसतात, त्यामुळे माट्टुतावणीच्या बाजारात हार त्यामानाने स्वस्त पडतो.

जे पैसे मोठ्या फ्लेक्समध्ये जातात त्यातले थोडे टिकणाऱ्या गोष्टीत घाला. इथल्या देवळांत ट्यूबलाइटवर, पंख्यावर 'उपयम्' असं लिहून देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं. आपल्याकडे पायरीवर 'यांच्या स्मरणार्थ' कोरतात, तसंच. आम्ही मामांच्या शाळेला दोन बाक दिले. रंगाऱ्याला अक्षरं बाकाच्या पाठीवर काढायला सांगा. बसायच्या जागेवर काढली तर वर्षात पुसली जातात.

फाईल जपून ठेवा. दुसऱ्या वर्षी वरचं 'मुदलाम्' काढून 'इरंडाम्' घालायचं, बाकी सगळं तेच, असं वाटतं, पण खालची यादी पुन्हा वाचायलाच लागते. आमच्या धाकट्या दिरांना मधल्या काळात मुलगी झाली. पेत्तिगळ्च्या ओळीत आता शेवटचं नाव तिचं आहे, आणि मोठ्या नात्तनारांच्या यजमानांचं नाव जावयांत पहिलं.