‘क्वोटिडियन’ वापरताना या चुका टाळा

‘रोजचे’, ‘नेहमीचे’ हे सांगायला इंग्रजीत ‘डेली’, ‘एव्हरीडे’, ‘ऑर्डिनरी’ असे साधे शब्द असतानाही परीक्षेच्या तयारीत ‘क्वोटिडियन’ भेटतो आणि तो कुठेतरी वापरून पाहण्याचा मोह होतो. मलाही झाला. कार्यालयीन ईमेलमध्ये ‘क्वोटिडियन रिपोर्ट’ जोडल्याचे मी लिहिले, त्यावर ‘कोणते कोटेशन?’ अशी पलीकडून विचारणा झाली.

विचारणाऱ्याचे काही चुकले नव्हते. शब्दकोशातला ‘दररोजचा’ हा अर्थ पाहून हा शब्द सरळ ‘डेली’च्या जागी बसवणे, ही सर्वांत मोठी चूक होय. अहवाल, वर्तमानपत्र, औषधाची मात्रा यांच्या बाबतीत दर दिवसाचा हिशेब सांगायचा असतो, म्हणून तिथे ‘डेली’च हवा. ‘क्वोटिडियन’चा रोख वारंवारतेपेक्षा, रोज घडत राहिल्यामुळे ज्याकडे आपले लक्षही जात नाही अशा साधेपणावर असतो. म्हणूनच तो ‘लाइफ’, ‘कन्सर्न्स’, ‘डीटेल्स’ अशा नामांपूर्वी शोभतो, पण हाताने उचलता येणाऱ्या वस्तूंपूर्वी सहसा खटकतो. मराठीत ‘दैनंदिन जीवन’ सहज म्हटले जाते, पण ‘दैनंदिन चप्पल’ म्हटले तर ऐकणारा हसेल. ‘क्वोटिडियन शूज’चेही तसेच आहे.

लॅटिनमध्ये ‘क्वोट’ म्हणजे किती आणि ‘डिएस’ म्हणजे दिवस. हा ‘डिएस’ आपल्या ‘दिवस’चा दूरचा नातलग आहे. ‘कोटा’, भागाकारातला ‘क्वोशंट’ आणि ‘कोटेशन’ही याच ‘क्वोट’च्या कुळातले असल्याने माझ्या ईमेलमधला घोटाळा अगदीच बिनबुडाचा नव्हता. जुन्या वैद्यकीय ग्रंथांत मात्र या शब्दाचा अर्थ खरोखरच ‘दररोज’ असा आहे: रोज चढणारा हिवताप ‘क्वोटिडियन’, एक दिवसाआड चढणारा ‘टर्शियन’ आणि दोन दिवस सोडून चढणारा ‘क्वार्टन’.

दुसरी चूक समानार्थी शब्दांच्या यादीतले सगळे शब्द एकाच छटेचे मानल्याने होते. ‘मंडेन’मध्ये कंटाळ्याची छटा आहे, तर ‘बनाल’ म्हणजे ‘नावीन्य नसलेले, घिसेपिटे’ असा थेट दोषारोप, त्यामुळे कोणाच्या लेखनाला कौतुकाने ‘बनाल’ म्हणणे महागात पडेल. ‘क्वोटिडियन’ त्या मानाने तटस्थ आहे, पण भारदस्त आहे. मित्राला पाठवलेल्या दोन ओळींत तो उगाच मिरवल्यासारखा वाटतो. उच्चारताना जोर ‘टि’वर द्यावा.

शंका आली तर त्या जागी ‘एव्हरीडे’ ठेवून पाहावे. तोच बसत नसेल, तर ‘क्वोटिडियन’ बसण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र हे विशेषण जोडून लिहावे. ‘एव्हरी’ आणि ‘डे’ तोडून लिहिले की त्याचा अर्थ ‘दररोज’ होतो आणि ते नामाचे विशेषण उरत नाही.