जुन्या खात्यामुळे लॅपटॉप रीसेट होत नाही? आधी कुलूप ओळखा

नागपूरच्या बर्डीवरून घेतलेला जुना लॅपटॉप असो, नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या भावाने घरी ठेवलेला असो की ऑफिसने विकायला काढलेला, रडगाणं एकच. सगळं पुसून नव्याने सुरू करायला जावं तर तो भलत्याच माणसाच्या ईमेलचा पासवर्ड मागतो. अंदाज लावत बसण्याआधी स्क्रीनवर नेमकं काय मागितलंय ते वाचा. विंडोजचं लॉगिन, ड्राइव्ह कुलूपबंद करणारं बिटलॉकर, कंपनीची नोंद आणि बायोसचा (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) पासवर्ड ही चार वेगळी कुलपं आहेत. पहिली दोन घरबसल्या सुटतात. उरलेल्या दोहोंसाठी मूळ मालकाला किंवा कंपनीला गाठावंच लागतं.

ॲडमिनचा पासवर्ड मागत असेल तर

तुमच्या नावाने लॉगिन होतं, पण सेटिंग्जमधून रीसेट दाबलं की जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. म्हणजे ॲडमिनचे अधिकार त्या जुन्या खात्याकडे आहेत आणि तुमचं खातं 'स्टँडर्ड', म्हणजे कमी अधिकारांचं आहे. अशा वेळी आतून झगडण्यापेक्षा बाहेरच्या दाराने जा. लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यातलं पॉवरचं चिन्ह दाबा, शिफ्ट धरून ठेवा आणि 'रीस्टार्ट' निवडा. निळी स्क्रीन येईल. तिथे 'ट्रबलशूट', मग 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. 'कीप माय फाइल्स' घेऊ नका, त्यात जुनी खाती जशीच्या तशी राहतात. चार्जर लावूनच सुरुवात करा. तास-दोन तास लागू शकतात, आणि मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली तर थकलेली बॅटरी तेवढं तग धरत नाही. रीसेट अर्ध्यात तुटला तर विंडोज बहुधा उठतच नाही.

४८ अंकी किल्ली मागत असेल तर

इथे बहुतेक जण अडकतात. रीसेटच्या मध्येच निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली जाते आणि 'आम्ही तर असलं काही लावलंच नव्हतं' असं घरचे सांगतात. ते खोटं बोलत नसतात. अलीकडच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की विंडोज स्वतःहून ड्राइव्ह एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा) करतं आणि किल्ली त्याच खात्यात नेऊन ठेवतं. म्हणजे किल्ली ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्याच्याकडे.

त्याचा पासवर्ड मागू नका, तो कुणी देऊही नये. त्याला स्वतःच्या मोबाइलवर 'एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी' हा पत्ता उघडून लॉगिन करायला सांगा. तुमच्या स्क्रीनवर 'रिकव्हरी की आयडी' दिसतो. त्याचे पहिले आठ अक्षर-अंक त्याच्या यादीतल्या आयडीशी जुळले पाहिजेत. एकाच खात्यात तीन-चार लॅपटॉपच्या किल्ल्या असतात, त्यामुळे हे जुळवल्याशिवाय अंक भरणं म्हणजे वेळ घालवणं. किल्ली सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते. फोनवर ऐकून लिहिताना चूक होतेच, पण एक सोपी तपासणी आहे: प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. ज्याला जात नाही तो गट चुकीचा ऐकला, तेवढाच परत विचारा.

जुना मालक म्हणजे तुम्हीच असाल आणि पासवर्ड विसरला असाल, तर दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. लक्षात ठेवा, पासवर्ड बदलला तरी लॅपटॉप ऑफलाइन असेल तर तो जुनाच मागत राहतो. लॉक स्क्रीनवरच वाय-फाय जोडा, मग नवा टाका. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद झाला असेल तर प्रकरण लांबतं: सुरक्षेची सगळी माहिती बदलायची म्हटलं की मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबवतं. आणि दोन वर्षं त्या खात्यात कुणी डोकावलंच नसेल, तर खातं बंद झालेलं असण्याचीही शक्यता आहे.

किल्ली मिळतच नसेल तर पेनड्राइव्ह

फोटो, फाइल्स काहीच नको असतील तर किल्लीची गरजच नाही. एन्क्रिप्ट केलेला ड्राइव्ह वाचता येत नाही, पण पुसता येतो. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम) उतरवा आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा, कारण त्यातलं सगळं जाईल. डाउनलोड पाच-सहा जीबीचं आहे, मोबाइलच्या रोजच्या डेटात बसेलच असं नाही. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे, तेव्हा लॅपटॉप चालवू शकत असेल तर ११ च घ्या.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूचं (कशावरून सुरू व्हायचं ते निवडण्याच्या यादीचं) बटण टिचक्यांसारखं दाबत राहा: डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असूसला एस्केप. एसरला एफ१२ आहे, पण बऱ्याचदा आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. ड्राइव्ह निवडायच्या पडद्यावर आतल्या ड्राइव्हचे सगळे भाग एकेक करून 'डिलीट' करा, एकच 'अनअलोकेटेड स्पेस' उरेपर्यंत, आणि त्यावर 'नेक्स्ट'. यादीत पेनड्राइव्हही दिसतो. आकार पाहून ओळखा आणि त्याला हात लावू नका.

यादी रिकामीच आली तर ड्राइव्ह मेला असं समजून घाबरू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपवर ड्राइव्ह दिसायला इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लागतो. तुमच्या मॉडेलचा तो कंपनीच्या साइटवरून घ्या, उलगडून पेनड्राइव्हवर टाका आणि 'लोड ड्रायव्हर' दाबा. पुढे वाय-फाय सापडत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजची प्रॉडक्ट की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, तीच आवृत्ती टाकली की नेट लागल्यावर आपोआप चालू होतो.

जिथे पेनड्राइव्हचं काही चालत नाही

सगळं कोरं करूनही नेट जोडताच एखाद्या कंपनीचं नाव स्वागताला येत असेल, तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या ऑटोपायलटमध्ये (कंपनीचे लॅपटॉप ताब्यात ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत) नोंदलेला आहे. ही नोंद ड्राइव्हवर नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. दहा वेळा फॉरमॅट केलं तरी ती परत येते. कंपनीचा आयटी विभागच ती काढू शकतो, आणि विकणाऱ्याने ते करून द्यायला हवं. नेट न लावता पुढे सरकवून देणारे भेटतात. पुढच्या रीसेटला पाढे पंचावन्न.

बायोसचा पासवर्ड असेल तर 'मदरबोर्डवरचा सेल काढून बघा' हा सल्ला मिळतोच. जुन्या मदरबोर्डवर तो चालायचा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये राहतो, सेल काढून फक्त घड्याळ मागे जातं. उत्पादक कंपनीकडे खरेदीचं बिल घेऊन जा.

मॅकबुकची तऱ्हा वेगळी. २०१८ पासून आलेल्या टी२ चिपच्या आणि ॲपल चिपच्या मॅकला ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाच्या ॲपल खात्याशी बांधलेलं कुलूप, असू शकतो. तो असेल तर पुसून उपयोग नाही. जुन्या मालकाने आयक्लाउडच्या फाइंड डिव्हाइसेसमधून तो काढावा लागतो, आणि ते काम तो कुठूनही करू शकतो.

पैसे देण्याआधी

दुकानात उभं राहूनच मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडा, तिथे कुठलंही खातं दिसायला नको. बायोस उघडून पाहा, पासवर्ड मागतो का. शक्य असेल तर रीसेट तिथेच लावा आणि नेट जोडून सुरुवातीचे पडदे पूर्ण होईपर्यंत थांबा. चहा होतो तेवढ्यात हे होत नाही, पण त्यासाठी तास-दोन तास काढण्याजोगे आहेत. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. तो तळाच्या स्टिकरवर असतो आणि बायोसमधल्या नंबराशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर मदरबोर्ड बदललेला असेल किंवा तळाचं झाकण दुसऱ्या लॅपटॉपचं असेल, आणि मग ते बिल घेऊन कंपनीकडे जाण्यात अर्थ राहत नाही.