एम्ब्रँगल : दुर्मीळ क्रियापद शिकायचं तर कसं

इंग्रजी व्होकॅब नव्याने करायला घेतलेल्यांसाठी लिहितेय. बरेच जण अवघड शब्दाचा नुसता अर्थ पाठ करतात, आणि चार आठवड्यांनी तोच शब्द उताऱ्यात आला की पाटी कोरी. मला तरी फायदा झाला तो शब्द फोडून बघायचा आणि तो कुणाबरोबर बसतो ते टिपून ठेवायचा.

एम्ब्रँगल घ्या. गुंतवणं, गुरफटवणं, असं की बाहेर पडणं मुश्कील. यातलं ब्रँगल म्हणजे पूर्वीच्या काळच्या इंग्रजीत हुज्जत, भांडण. पुढचा एम म्हणजे खरं तर एन्टँगलमधला एनच, ब च्या आधी त्याचा एम होतो, एम्ब्रॉइलमध्येही तेच. एवढं कळलं की अर्थ डोक्यात बसतो, म्हणजे धाग्यांच्या गुंत्यापेक्षा वादाचा, कटकटीचा गुंता. उच्चार करताना ग नीट ऐकू आला पाहिजे, टँगलसारखा.

सॅम्युअल बटलरच्या ह्युडिब्रास या काव्याच्या 1664 च्या दुसऱ्या भागात हा शब्द आय ने सुरू होणाऱ्या स्पेलिंगने येतो. तिथे कायद्याच्या गाठीगाठींच्या जाळ्यात सापडलेली माणसं आहेत, जितकी हालचाल करतील तितकी जास्त गुंततात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याला कुणी शिकवायला नको, त्यामुळे मला तर हे वापराचं सगळ्यात झकास उदाहरण वाटतं. आणि यमक कशाशी जुळवलंय, तर टँगल्डशीच!

वापर बहुतेकदा पॅसिव्हमध्ये आणि पुढे इन, म्हणजे 'ही वॉज एम्ब्रँगल्ड इन अ लीगल डिस्प्यूट'. नाम एम्ब्रँगलमेंट. वहीत शब्दापुढे हा इन लिहाच, अर्थ आठवतो पण प्रिपोझिशन चुकतं असं खूप जणांचं होतं.

आता स्वतःच्या निबंधात वापरायचा का? माझं स्पष्ट मत, नाही. केस, दोरी, वायर असेल तर एन्टँगल, भांडणात ओढलं गेलं असेल तर एम्ब्रॉइल, आणि हळूहळू सगळीकडून जाळ्यात अडकत जाणं असेल तर एन्मेश, हे तीन रोजचे शब्द नेमके जमले तर वाचणाऱ्याला मध्येच थांबून डिक्शनरी उघडावी लागत नाही. एम्ब्रँगल वाचताना ओळखता आला, बास झालं. विनोदी ढंगाचं, मुद्दाम जुनाट वळणाचं काही लिहीत असाल तर मात्र बिनधास्त वापरा, तिथे तो शोभतो.